माझ्या एकट्याच्या वागण्याने हवामानाला काय फरक पडतो?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर ती इथेच लक्षात येईल. गेली पाच-सहा वर्षे तुम्ही विमानप्रवास टाळता, कपडे विरेपर्यंत वापरता, फोन बिघडला तर नवा घेण्याऐवजी दुरुस्त करून घेता. तुमच्या मित्राचे म्हणणे असे की, या सगळ्याने पृथ्वीच्या तापमानात मोजता येईल असा कोणताही फरक पडत नाही, जगातले बहुतेक उत्सर्जन शंभर कंपन्या करतात आणि तुमचा सारा संयम ही निव्वळ मनाची समजूत आहे. हे म्हणणे तुम्हाला खोडता येत नाही आणि पटतही नाही. शिवाय गरज नसताना एखादी वस्तू घेतली की मनाला टोचणी लागते आणि ती टोचणी योग्य आहे की नाही, हेही उमगत नाही. जाता जाता तुम्ही असेही लिहिले आहे की, तुम्ही एका मध्यम आकाराच्या संस्थेचा खरेदी विभाग सांभाळता. त्या वाक्याकडे मी शेवटी येईन.

मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ नीतिशास्त्र शिकवतो आहे आणि त्यातली बरीच वर्षे हवामानबदलाचा नैतिक प्रश्न विद्यार्थ्यांबरोबर सविस्तर चर्चिला आहे. तुमच्या मित्राचा युक्तिवाद दरवर्षी वर्गातले कोणी ना कोणी मांडते आणि मांडणारी व्यक्ती बहुधा सर्वांत विचारी विद्यार्थ्यांपैकी असते. त्यामुळे तो युक्तिवाद पळवाट म्हणून झटकून टाकावा असे मला कधीच वाटलेले नाही. त्याला उत्तर आहे, परंतु ते एका वाक्यात देता येत नाही, कारण त्या एका युक्तिवादात तीन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. माझ्या कृतीने काही हानी होते का, झालेल्या हानीचा दोष माझ्याकडे येतो का, आणि यापुढे काय करणे माझ्याकडे लागते, असे ते तीन प्रश्न होत.

हा गुंता होण्याला आपली भाषाही थोडी कारणीभूत आहे. ‘या अपघाताला जबाबदार कोण?’ असे आपण विचारतो तेव्हा दोषी व्यक्ती शोधत असतो. ‘आजारी आईची जबाबदारी कोणावर आहे?’ असे विचारतो तेव्हा मात्र आईला आजारी कोणी पाडले हा प्रश्नच नसतो; आता तिचे कोण पाहणार, एवढेच विचारायचे असते. पहिल्या वाक्यातील शब्द भूतकाळाकडे पाहतो, दुसऱ्यातील भविष्यकाळाकडे. हवामानाविषयी बोलताना हे दोन्ही अर्थ एकाच दमात वापरले जातात, आणि ‘मी दोषी नाही’ हे सिद्ध झाले की ‘माझ्यावर काही काम येत नाही’ हेही आपोआप सिद्ध झाले असे वाटू लागते. यातले पहिले वाक्य कदाचित बरेचसे खरे असेल. दुसरे त्यातून निघत नाही.

प्रथम हानीचा प्रश्न घेऊ. तुमच्या मित्राचा युक्तिवाद त्याच्या सर्वांत भक्कम रूपात वॉल्टर सिनॉट-आर्मस्ट्राँग या अमेरिकी तत्त्वज्ञाने 2005 साली मांडला. रविवारी दुपारी केवळ मजा म्हणून भरपूर इंधन पिणारी अवजड गाडी घेऊन फेरफटका मारणे नैतिकदृष्ट्या चूक आहे का, असे त्याने विचारले आणि इजा न करण्याच्या तत्त्वापासून तत्त्वज्ञ कांटच्या सार्वत्रिक नियमापर्यंत (सर्वांनी पाळावा असे वाटेल त्याच नियमाने वागावे) आणि सद्गुणांपर्यंत एकेक तत्त्व त्या कृतीला लावून पाहिले. त्याचा निष्कर्ष असा की, यातले कोणतेही तत्त्व ती एक फेरी चूक असल्याचे सिद्ध करू शकत नाही. ती फेरी न झाली तरी तेच पूर येतील आणि त्याच उष्णतेच्या लाटा येतील. मात्र त्याने इथेच हात झटकले नाहीत. सरकारांना कृती करायला लावण्याचे कर्तव्य आपल्यावर आहेच, असे त्याने त्याच निबंधात म्हटले आहे. हा अर्धा भाग वादविवादात नेहमी गळून पडतो आणि तुमच्या मित्राच्या बोलण्यातही तो गळलेला दिसतो.

या युक्तिवादाचा कच्चा दुवा मला भौतिकशास्त्राच्या बाजूला दिसतो. आपण नकळत असे समजतो की, वातावरणात कुठेतरी एक उंबरठा आहे, तो ओलांडेपर्यंत काहीच होत नाही आणि माझे दोन-चार किलो उत्सर्जन त्या उंबरठ्यावर नेमके पडण्याची शक्यता नगण्य आहे. सरासरी तापमानवाढीच्या बाबतीत मात्र संबंध जवळजवळ सरळ रेषेतला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी हवामानबदल मंडळाच्या (आयपीसीसी) 2021 च्या अहवालानुसार मानवाने सोडलेल्या दर एक हजार अब्ज टन कार्बन डायऑक्साइडमागे तापमान सुमारे 0.45 अंश सेल्सिअसने वाढते, असा सर्वोत्तम अंदाज आहे. पहिल्या टनाने काही केले नाही आणि शेवटच्या टनाने सारे केले, असे इथे घडत नाही. प्रत्येक टन आपापला सूक्ष्म हिस्सा घालतो आणि त्यातला काही भाग हजारो वर्षे वातावरणात राहतो. आपण थेंबे थेंबे तळे साचे म्हणतो ते साठवणुकीचे कौतुक म्हणून. इथे तळे नको असलेल्या पाण्याचे आहे, पण साचण्याची रीत तीच आहे.

सूक्ष्म म्हणजे शून्य नव्हे, हे जॉनथन ग्लोव्हर या तत्त्वज्ञाने 1975 साली एका सुंदर कल्पनाप्रयोगातून दाखवले. शंभर गावकरी जेवायला बसले आहेत आणि प्रत्येकाच्या वाडग्यात शंभर दाणे आहेत. शंभर दरोडेखोर येतात. प्रत्येक दरोडेखोराने एकेका गावकऱ्याचा वाडगाच पळवला तर त्याने एका माणसाला उपाशी ठेवले हे उघड आहे. आता त्यांनी पद्धत बदलली. प्रत्येक दरोडेखोर प्रत्येक वाडग्यातून एकच दाणा उचलतो आणि म्हणतो की, एका दाण्याने कोणाच्या भुकेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. सारे गावकरी पूर्वीइतकेच उपाशी राहतात. फक्त गुन्हा मात्र कुठेच दिसत नाही. डेरेक पारफिट या तत्त्वज्ञाने 1984 मध्ये हाच धागा पुढे नेला आणि परिणाम लहान किंवा न जाणवणारा आहे म्हणून तो हिशेबातून वगळणे ही नैतिक गणितातली चूक असल्याचे दाखवले.

मग आकडा किती? जॉन नोल्ट या तत्त्वज्ञाने 2011 साली ढोबळ हिशेब करून असा अंदाज मांडला की, एका सरासरी अमेरिकी माणसाच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनामुळे भविष्यातील एक किंवा दोन माणसांना गंभीर यातना किंवा मृत्यू सोसावा लागेल. त्याच वर्षी ॲव्हरम हिलर याने त्याच धर्तीचे गणित रविवारच्या फेरीला लावले आणि त्या फेरीची अपेक्षित हानी कोणा एका माणसाची एक दुपार वाया घालवण्याइतकी आहे, असे म्हटले. एकूण हानीला एकूण उत्सर्जनाने भागण्याची ही पद्धत फार सरळसोट आहे आणि भविष्यातली माणसे किती सावरतील, यावर उत्तर बरेच बदलते. म्हणून हा आकडा मी वर्गात कोणावर आरोप म्हणून फेकत नाही. परंतु ‘काहीच फरक पडत नाही’ या वाक्यावरचा विश्वास उडवायला तो पुरेसा आहे. अनोळखी माणसाची दुपार विनाकारण बिघडवणे ही क्षुल्लक गोष्ट असेल, पण ती करायला आपल्याला निदान काही कारण असावे, असे कोणीही म्हणेल.

इथे मला एक मर्यादा प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण चांगले विद्यार्थी ती पकडतात. वरचे गणित मी स्वतः जाळलेल्या इंधनाला थेट लागू पडते. मी विकत घेतलेल्या वस्तूला ते तितक्या सहज लागू पडत नाही. मी एक सदरा घेतला नाही म्हणून कारखान्यात एक सदरा कमी शिवला जातो, असे नसते. मध्ये दुकाने, गोदामे, वितरक आणि टाकून दिला जाणारा माल अशी लांब साखळी असते. शेली कॅगन याचे यावरचे उत्तर असे की, ठरावीक संख्येने मागणी घटली की कुठेतरी एक पूर्ण खेप रद्द होते. ती रद्द करणारा ग्राहक आपणच ठरण्याची शक्यता लहान असली, तरी तसे झाल्यास परिणाम तितकाच मोठा असतो आणि सरासरीत दोन्ही जुळतात. मार्क बुडॉल्फसन याने त्यावर आक्षेप घेतला की, खऱ्या पुरवठा साखळीत इतकी ढिलाई असते की, एका ग्राहकाचा धक्का बहुतेक वेळा वाटेतच जिरतो आणि सरासरीचा तो हिशेब तिथे चालत नाही. माझे मत असे की, बुडॉल्फसनचा आक्षेप खरा आहे, पण तो ज्या बाजारात ढिलाई जास्त आहे तिथेच खरा आहे. म्हणून मी विद्यार्थ्यांना दोन रकाने आखायला सांगतो. एकात आपण थेट जाळतो ते, दुसऱ्यात आपण बाजाराच्या मार्फत मागतो ते. पहिल्या रकान्यात ‘माझ्याने काय होते’ हा बहाणा टिकत नाही. दुसऱ्यात तो थोडाबहुत टिकतो आणि तिथे वेगळी कारणे शोधावी लागतात.

ती वेगळी कारणे कोणती, यात ज्युलिया नेफ्स्की हिचे लिखाण मला फार उपयोगी पडले. तिचा मुद्दा असा की, एखादी कृती एकटीने फरक पाडत नसली तरी ती मदत ठरू शकते. अट एवढीच की, अशा कृती पुरेशा संख्येने न झाल्यामुळे काम फसण्याची शक्यता अजून शिल्लक असली पाहिजे. मराठीत यासाठी शब्द तयारच आहे: खारीचा वाटा. आपण तो बहुधा नम्रता दाखवण्यासाठी वापरतो, पण त्यातला विचार अधिक नेमका आहे. खारीने आणलेल्या वाळूने सेतूची लांबी वाढली असे कोणी म्हणत नाही. तरीही तिचे कष्ट निरर्थक ठरले नाहीत, कारण सेतू खरोखर बांधला जात होता, तो अजून पुरा झालेला नव्हता आणि खार त्या कामात सामील झाली होती. हीच खार सेतूचे काम कुठेच चालू नसताना किनाऱ्यावर वाळू झटकत राहिली असती, तर तिच्या श्रमाला तो अर्थ आला नसता. तुमच्या कपड्यांच्या आणि फोनच्या निर्णयांबाबत स्वतःला विचारण्याचा प्रश्न मला हाच वाटतो. हे निर्णय एखाद्या चालू असलेल्या सामुदायिक कामाचा भाग आहेत, की एकांतातला नियम?

आता शंभर कंपन्या. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात 1988 पासूनच्या औद्योगिक हरितगृह वायूंपैकी 71 टक्के उत्सर्जनाचा माग शंभर जीवाश्म इंधन उत्पादकांपर्यंत काढला होता. हा आकडा सर्वत्र फिरतो; त्याच अहवालातली दुसरी गोष्ट फारशी फिरत नाही. या उत्सर्जनाचा सुमारे नऊ दशांश भाग त्या कंपन्यांनी विकलेले इंधन इतरांनी जाळल्यामुळे होणारा आहे. म्हणजे कंपनीच्या खात्यात मांडलेला तो धूर आणि आपल्या गाडीच्या नळीतून, विजेच्या तारेतून किंवा वस्तूच्या निर्मितीतून निघालेला धूर बव्हंशी एकच आहे. याने कंपन्या निर्दोष ठरत नाहीत. एक्झॉन या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून तापमानवाढीची बरीच अचूक भाकिते केली होती आणि कंपनी मात्र जाहीरपणे शंका पसरवत राहिली, हे आता चांगले नोंदले गेले आहे. परंतु जबाबदारी ही भाकरी नव्हे की एकाने मोठा तुकडा घेतला म्हणजे दुसऱ्याचा लहान होईल. विष विकणारा आणि ते जाणूनबुजून ओतणारा, दोघेही पूर्णपणे उत्तर द्यायला बांधील असू शकतात.

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे आणि ती सांगितली नाही तर मी तुमच्यावर अन्याय करीन. व्यक्तीच्या ‘कार्बन पाऊलखुणे’ची, म्हणजे एका माणसामुळे होणाऱ्या उत्सर्जनाच्या मापाची, कल्पना घरोघरी पोहोचवण्यात बीपी या तेल कंपनीच्या 2000 च्या दशकातील जाहिरात मोहिमेचा मोठा हात होता. मूळ पर्यावरणीय पाऊलखुणेची संकल्पना विल्यम रीस आणि मॅथिस वाकरनागेल यांनी 1990 च्या दशकात मांडली ती माणसांच्या वस्त्यांना आणि देशांना किती जमीन लागते हे मोजण्यासाठी. मोहिमेने तिचे रूपांतर प्रत्येकाच्या आत्मपरीक्षणात केले. मी स्वतः एके काळी सत्राच्या पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना आपापले उत्सर्जन मोजायला लावत असे. एका विद्यार्थिनीने ते इतक्या निष्ठेने केले की, वर्षभर ती रोजच्या प्रत्येक हालचालीचा हिशेब ठेवत राहिली. पुढच्या वर्षी तिने हिशेब सोडलाच, पण वाहतुकीच्या प्रश्नावर काम करणाऱ्या गटाच्या बैठकांना जाणेही सोडले. ‘रोज सकाळी कर्जात उठल्यासारखे वाटते,’ असे ती मला म्हणाली. ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. त्यानंतर मी तो उपक्रम बंद केला.

तुमच्या टोचणीचा प्रश्न इथे येतो. आयरिस मॅरियन यंग या राजकीय तत्त्वचिंतक स्त्रीने दूरच्या कारखान्यांत अत्यंत वाईट परिस्थितीत शिवल्या जाणाऱ्या कपड्यांचे उदाहरण घेऊन विचारले की, ते कपडे घालणारा ग्राहक दोषी आहे का. तिचे उत्तर असे की, दोष हा शब्द इथे बसत नाही. ग्राहकाने कोणताही नियम मोडलेला नाही, त्याचा हेतू वाईट नाही आणि त्याच्या एका खरेदीपासून एका कामगाराच्या दुःखापर्यंत सरळ रेघही ओढता येत नाही. तरीही तो ज्या व्यवस्थेत रोज भाग घेतो, त्या व्यवस्थेतूनच अन्याय निर्माण होतो. म्हणून ती व्यवस्था बदलण्याच्या कामातला हिस्सा त्याच्याकडे लागतो, आणि हा हिस्सा इतरांबरोबर मिळूनच पुरा करता येतो. तिचे या विषयावरचे पुस्तक तिच्या मृत्यूनंतर 2011 साली प्रसिद्ध झाले. माझ्या दृष्टीने या सगळ्या चर्चेत त्याहून उपयुक्त असे फारसे काही लिहिले गेलेले नाही. कोणाचा हिस्सा किती, हे ठरवण्यासाठी तिने चार गोष्टी पाहायला सांगितल्या: तुमच्या हाती बदल घडवण्याची ताकद किती आहे, या व्यवस्थेतून तुम्हाला लाभ किती मिळतो, बदलात तुमचे हित किती गुंतले आहे आणि इतरांना एकत्र आणण्याची तुमची क्षमता किती आहे.

या दृष्टीने पाहिले तर अनावश्यक खरेदीनंतर लागणारी टोचणी सर्वस्वी खोटी नाही, पण ती गुन्ह्याची भाषा बोलते तेव्हा चुकते. आपण एका हानिकारक व्यवस्थेत गुंतलेले आहोत, याची ती जाणीव आहे. तिने एखादे काम हाती घ्यायला लावले तर ती उपयोगाची. रात्री झोप उडवून सकाळी दुसऱ्यांच्या पिशव्यांत डोकवायला लावत असेल, तर तिच्याकडे दुर्लक्ष करणेच बरे.

मग वैयक्तिक संयमाला स्वतंत्र किंमत उरते का? बेलर जॉन्सन याने 2003 साली उरत नाही असे म्हटले. सामायिक साधनसंपत्तीच्या प्रश्नात एकट्याने आपला वापर घटवणे हे कर्तव्य नसून, सर्वांना बांधील असा करार घडवून आणण्यासाठी झटणे हे कर्तव्य आहे, अशी त्याची भूमिका आहे. मॅरियन हूर्डेकिन हिने 2010 मध्ये त्याला उत्तर दिले की, जी व्यक्ती सार्वजनिक जीवनात एक मागते आणि खासगी जीवनात उलटे वागते, तिच्या आयुष्यात एकसंधपणा राहत नाही. शिवाय माणूस नात्यांत जगतो आणि त्याचे वागणे आसपासच्यांना काय शक्य आहे हे दाखवत असते. माझा कल हूर्डेकिनकडे आहे, तो एका साध्या अनुभवामुळे. संयम पाळून पाहिल्याशिवाय व्यवस्था कुठे आडवी येते ते कळत नाही. फोन दुरुस्त करायला गेल्यावरच समजते की, बॅटरी गोंदाने चिकटवलेली आहे आणि सुटा भाग मिळत नाही. आणि मग दुरुस्तीच्या हक्काचा कायदा कशासाठी हवा, हे पुस्तकाविना कळते.

अनेक वाचकांना इथे निष्काम कर्म आठवेल आणि ते आठवणे स्वाभाविक आहे. फळ मिळेल की नाही याने कर्तव्य ठरत नाही, हा विचार हताश माणसाला आधार देतो. परंतु कोणते कर्म करावे हे त्यातून ठरत नाही आणि परिणामांकडे पाहायचेच नाही असे ठरवले, तर आपण निरुपयोगी कर्मही निष्ठेने करत राहू. चंगळवादाच्या प्रश्नावर मला अधिक काटेकोर वाटते ती जैन परंपरेतील अपरिग्रहाची मांडणी. तिथे साधूसाठी महाव्रत आणि गृहस्थासाठी अणुव्रत असे एकाच तत्त्वाचे दोन स्तर आहेत. गृहस्थाने सर्वस्वाचा त्याग करावा अशी अपेक्षा नाही. आपल्या मालकीच्या वस्तूंची मर्यादा त्याने आधीच, स्वतःच आखून घ्यावी, याला परिग्रहपरिमाण म्हणतात. आणि तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या ‘मूर्च्छा परिग्रहः’ अशी आहे. वस्तूने आलेली बेभानी, तिच्यातली आसक्ती म्हणजे परिग्रह. निव्वळ वस्तू जवळ असणे नव्हे.

यातला ‘आधीच’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. गरज आणि चैन यांची सीमा दुकानात उभे राहून ठरवता येत नाही, कारण तिथे प्रत्येक वस्तू गरज भासावी यासाठीच मांडलेली असते. थॉर्स्टाइन वेब्लेन या अर्थतज्ज्ञाने 1899 मध्येच दाखवले की, आपण बरेचसे उपभोग इतरांना दिसावे म्हणून करतो, आणि इतरांचा उपभोग वाढत राहतो तसतशी ही ‘गरज’ही वाढत जाते. म्हणून मी शांत वेळी, वर्षाच्या सुरुवातीला, स्वतःची मर्यादा लिहून ठेवतो आणि मग वर्षभर दर खरेदीला स्वतःशी खटला चालवत नाही. यात एक सावधगिरी आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थतज्ज्ञाने 1865 साली कोळशाविषयी लिहिताना नोंदवले होते की, यंत्रे काटकसरी झाली की कोळशाचा एकूण वापर कमी होण्याऐवजी वाढतो. व्यक्तीच्या बाबतीतही वाचवलेला पैसा दुसऱ्या वाटेने अधिक उत्सर्जन करणाऱ्या गोष्टीत जाऊ शकतो. मर्यादा एखाद्या वस्तूपुरती न आखता एकूण उपभोगाची आखावी ती यासाठी.

हे सारे कोणाला किती लागू पडते, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे आणि तुमच्याविषयी मला फार थोडे ठाऊक आहे. हेन्री शू याने 1993 मध्ये जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन यांत जो भेद केला, तो मी सर्वांत आधी लावतो. ऑक्सफॅम आणि स्टॉकहोम पर्यावरण संस्थेच्या 2020 च्या अहवालानुसार 1990 ते 2015 या काळातील कार्बन उत्सर्जनापैकी निम्म्याहून अधिक भाग जगातील सर्वांत श्रीमंत 10 टक्के लोकांचा होता. ज्याला कामावर जायला गाडीवाचून दुसरी सोय नाही, ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, ज्याला दूरच्या आईवडिलांना भेटायचे आहे, त्याच्याकडून मी त्या 10 टक्क्यांइतकी अपेक्षा ठेवणार नाही. व्यक्ती की व्यवस्था हा वादही मला यामुळेच पोकळ वाटतो. हवामानबदल मंडळाच्या 2022 च्या अहवालात मागणीच्या बाजूने केलेल्या उपायांनी 2050 पर्यंत संबंधित क्षेत्रांतील उत्सर्जन 40 ते 70 टक्क्यांनी घटू शकते असे म्हटले आहे, पण त्या उपायांत लोकांच्या सवयींबरोबर पायाभूत सोयी आणि तंत्रज्ञानही धरलेले आहे. रेल्वे नसेल तर विमान टाळण्याचा उपदेश पोकळ ठरतो, आणि लोक बसणार नसतील तर रेल्वे रिकामी धावते.

माझ्या स्वतःच्या बाबतीत सांगायचे तर, एका व्याख्यानासाठी विमानाने जाणे मी बंद केले आहे. अनेक दिवसांचे काम असेल तर अजूनही जातो. एका व्याख्यानासाठी विमान टाळणे मी कर्तव्य मानतो. परंतु त्याच सुमारास मी विभागाच्या बैठकीत असा प्रस्ताव मांडला की, संशोधन प्रबंधांच्या मौखिक परीक्षेसाठी दूरच्या परीक्षकांनी प्रत्यक्ष येण्याची अट काढून टाकावी. प्रस्ताव तीनदा फेटाळला गेला आणि चौथ्यांदा मंजूर झाला. मी आयुष्यभर टाळलेल्या फेऱ्यांपेक्षा त्या एका नियमाने टळलेल्या फेऱ्या जास्त असतील, आणि त्यासाठी मला काहीही सोडावे लागले नाही. फक्त एका कंटाळवाण्या बैठकीत तोच विषय पुन्हा पुन्हा काढण्याचा संकोच सोडावा लागला. मी स्वतः प्रवास टाळत नसतो, तर चौथ्यांदा तो मांडण्याचे बळ माझ्यात उरले नसते, असेही मला वाटते.

म्हणूनच तुमच्या प्रश्नातले ते जाता जाता लिहिलेले वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. तुम्ही संस्थेचा खरेदी विभाग सांभाळता. यंगची पहिली कसोटी लावली तर तुमच्या हाती ताकद आहे ती तिथे. एका ग्राहकाचा धक्का साखळीत जिरतो असे बुडॉल्फसन म्हणतो, पण संस्थेची वर्षभराची मागणी तशी सहजासहजी जिरत नाही. तिच्यासाठी पुरवठादार अटी बदलतो. संगणक किती वर्षांनी बदलायचे, हे कोणी ठरवले आणि कधी? निविदेत दुरुस्तीची हमी आणि सुटे भाग मिळण्याची मुदत मागितली आहे का? जुने सामान नोंदवहीतून कमी झाल्यावर कुठे जाते? सर्वांत कमी दर हाच निकष असेल, तर वस्तू किती वर्षे टिकेल हे त्या दरात धरले जाते का? या प्रश्नांची उत्तरे मला माहीत नाहीत. तुम्हाला एका आठवड्यात मिळू शकतील.

तुमच्या मित्राला सांगायचे झाले तर, एकट्याच्या संयमाने हवामानाचा प्रश्न सुटत नाही एवढे त्याचे म्हणणे मान्य करा आणि मग त्याला या कामात बोलवा. निविदेच्या अटी वाचायला दुसरा माणूस लागतोच आणि इतकी नेमकी हरकत घेणारा माणूस त्या कामाला चांगला.